पंपावरचं पावसाचं पाणी, ऑइल सेपरेटर आणि गडर लाइन

कामठीरोड_पंप
नमस्कार मंडळी. आमच्या पेट्रोल पंपाचा उघडा ड्राइव्हवे (गाड्या ये-जा करतात ती जागा) ३०० चौ. मी., कॅनॉपी (वरचं छत) २२० चौ. मी. कॅनॉपीचे पाइप, ड्राइव्हवेची जाळीची नाली आणि गाड्या धुण्याचं पाणी, सगळं २ मी. × १ मी. च्या तीन कप्प्यांच्या सेपरेटरात (पाण्यावरचं तेल अडवणाऱ्या टाकीत) येतं आणि तिथून रस्त्याकडेच्या पावसाळी नालीत जातं. जोराची सर आली की नालीत तवंग दिसतो. ठेकेदार म्हणतो, सेपरेटरचं तोंड गडर लाइनला (सांडपाण्याच्या बंद गटाराला) जोडून द्या, कटकट संपेल. द्यावं का?

नाली_आणि_लेव्हल
अजिबात देऊ नका भाऊ. बंद गटारात पेट्रोलची वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असते, पाइपातून लांबवर सरकते आणि कुठल्याही ठिणगीला पेटते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ ला गटारात शिरलेल्या पेट्रोलने रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. शिवाय गडर लाइन संडास-बाथरूमच्या पाण्याच्या हिशेबाने टाकलेली असते. त्यात पावसाचं पाणी सोडलं की खालच्या वस्तीत चेंबर उफाळतात. पंपावरचा संडास तेवढा गडरला, त्याचं चेंबर वेगळं.

आता आकार. पाऊस ताशी ५० मिमी धरा. ड्राइव्हवेचं १५ घनमीटर, कॅनॉपीचं ११, म्हणजे ताशी २६ घनमीटर पाणी तुमच्या २ चौ. मी. च्या टाकीत. १०० मायक्रॉनचा (०.१ मिमी) डिझेलचा थेंब सेकंदाला जेमतेम १ मिमी वर चढतो, म्हणजे ताशी ३.६ मी. पाण्याचा भार मात्र २६ भागिले २, म्हणजे ताशी १३ मी. थेंब वर यायच्या आत बाहेर जातो. तवंगाचं कारण हेच.

कॅनॉपीचं पाणी आधी तोडा. ते स्वच्छ असतं, थेट पावसाळी नालीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा. (ड्राइव्हवेचं मात्र पुनर्भरणात कधीच नाही, विहिरी-बोअर खराब होतील.) उरले १५ घनमीटर. १५ भागिले ३.६ म्हणजे ४.२ चौ. मी. खळबळीसाठी दीडपट धरून साधारण ६ चौ. मी.: ४ मी. × १.५ मी., पाण्याची खोली १.२ मी. पाणी सुमारे अर्धा तास टाकीत थांबेल. म्हणून टाकी मोठी लागेलच, पण नुसती मोठी करून चालणार नाही.

डिकँटिंग_शिफ्ट
बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (T आकाराचा जोड) आहे का ते आधी पहा. खालचं तोंड तळापासून ३० सेंमी वर, वरचं तोंड उघडं आणि तेलाच्या थराच्या वर. टी नसेल किंवा तुटला असेल तर वरचं तेलच आधी जातं.

दुसरं, मे महिन्यात टाकी उपसतात आणि कोरडी सोडतात. मग पहिल्या सरीत तेल तळालाच येतं आणि टी-च्या तोंडातून सरळ नालीत. उपसून झालं की त्याच दिवशी बाहेर पडायच्या पातळीपर्यंत साधं पाणी भरा.

टाकीनंतरच्या चेंबरात गेट व्हॉल्व्ह बसवा आणि टँकर रिकामा होताना बंद ठेवा. टँकरचा एक कप्पा ४-५ हजार लिटरचा असतो, सेपरेटर तेवढं सांभाळणार नाही. म्हणून डिकँटिंगच्या (टँकर रिकामा करण्याच्या) जागेभोवती उंचवटाही हवा. कोरडी वाळू जवळ ठेवा, सांडलेलं पाण्याने लोटू नका.

कामठीरोड_पंप
आभारी आहे. पण जोराच्या पावसात रस्त्याची नालीच भरून उलटी येते, त्याचं काय? आणि गाड्या धुण्याचं पाणी?

नाली_आणि_लेव्हल
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत १०० मिमीहून अधिक पाऊस झाला. तसा दिवस धरूनच लेव्हल ठेवा. पाणी उलटं आलं की सेपरेटरमधलं तेल उचलून ड्राइव्हवेवर आणतं. फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी उलटं येताच मिटणारं झाकण) लावा, पण तो मिटला की आतलं पाणी अडतं. म्हणून बाहेरच्या पाइपाचा तळ नालीच्या भरतीच्या खुणेच्या वर घ्या. उंची मिळत नसेल तर उपसायला पंप लागेल, आणि तो फ्लेमप्रूफच (ज्याच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही असा).

काळ्या मातीत पाइप टाकत असाल तर नुसते सिमेंटचे जोड नकोत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जोड उघडे पडतात. रबर रिंगचे जोड, खाली १५ सेंमी वाळू, भोवती मुरूम.

घातक_कचरा_हिशेब
धुण्याचं पाणी सेपरेटरात नको. शाम्पू-डिटर्जंटने तेल दुधाळ होऊन पाण्यात मिसळतं, मग टाकी कितीही मोठी असो, वर तरंगत नाही. त्याची गाळाची टाकी आणि प्रक्रिया वेगळी ठेवा. तेल-ग्रीसची मर्यादा नदी-नाल्यासाठी १० मिग्रॅ प्रतिलिटर, सार्वजनिक गटारासाठी २०.

वरचं तेल आणि तळाचा गाळ हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा. मैला उपसणाऱ्या गाडीला देऊ नका. अधिकृत वाहतूकदार घ्या, फॉर्म १० ची (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदीची) प्रत जपून ठेवा. नागपूरजवळ बुटीबोरीत प्रक्रिया केंद्र आहे, त्यामुळे लांब पाठवायची गरज नाही.

आणि डिप रॉडला (इंधनाची पातळी मोजायच्या काठीला) पाणी शोधणारी पेस्ट पावसाळ्यात रोज लावा, इथेनॉलवर चालणारीच. फिल पॉइंटच्या (टँकरमधून इंधन भरायच्या तोंडाच्या) झाकणाचं गॅस्केट गेलं की साचलेलं पाणी इंधनाच्या टाकीत उतरतं, आणि ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाला बसतं. तो साठा विकता येत नाही.