मदत हवी आहे: एजंट म्हणजेच एजीआय का? मेहुण्याला कसं समजावू?

मंडळी, शनिवारी सोसायटीत एआयवर अर्धा तास बोलायचंय आणि मेहुणा आत्तापासूनच डोकं खातोय, की एआय एजंट (सांगितलेलं काम पायरीपायरीने एकट्याने करणारा प्रोग्राम) स्वतः तिकीट शोधतो, फॉर्म भरतो, कोड लिहून चालवून बघतो, चुकला तर परत करतो, मग हेच एजीआय, म्हणजे ढोबळमानाने माणसासारखं कुठलंही काम शिकू शकणारा एआय ना? मी म्हटलं नाही रे बाबा, पण का नाही ते धड सांगता येईना.

मला कळलंय ते असं, १९९७ ला डीप ब्लू नावाच्या संगणकाने बुद्धिबळातल्या विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं पण त्या संगणकाला बुद्धिबळ सोडून काहीच येत नव्हतं, साधा ल्युडोसुद्धा नाही. आताचे एजंट त्यामानाने बरेच पसरलेत, आत भाषेचं मॉडेल (मजकूर वाचून उत्तर लिहिणारा एआय), हाताशी ब्राउझर न् फायली, एक पायरी करायची, निकाल बघायचा, पुढची ठरवायची. पण एकट्याने काम करणं वेगळं आणि कुठलंही नवं काम शिकून घेणं वेगळं, बरोबर ना? झाडू मारणारा रोबोटही घरभर एकटाच फिरतो, त्याला चहा टाक म्हणून बघा!

२०२३ मध्ये गूगल डीपमाइंड या एआय कंपनीच्या लोकांनीही क्षमता (काय काय जमतं) आणि स्वायत्तता (किती एकट्याने करतो) वेगवेगळ्या धरल्या होत्या, पण ते सोसायटीतल्या आजोबांना कसं सांगू? त्यात एजीआयची सगळ्यांना मान्य अशी व्याख्याच नाही, म्हणजे मेहुण्याला आयतंच कोलीत.

कुणाकडे एखादं घरगुती उदाहरण आहे का? शुक्रवारपर्यंत सांगा प्लीज.