मदत हवी: पिल्लांच्या हृदयात बीटा मायोसिन जाऊन अल्फा येतं ते थायरॉइडमुळे की नसांमुळे?

नमस्कार मंडळी, प्रबंधाच्या एका प्रकरणात पार अडकलेय.

उंदराचं (रॅट, माऊस नव्हे) पिल्लू जन्मतं तेव्हा जवनिकांमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत) बीटा मायोसिन भरपूर असतं; मायोसिन म्हणजे स्नायू आकुंचन पावायला लावणारं प्रथिन. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं आणि अल्फा मायोसिन त्याची जागा घेतं. नेमक्या त्याच दिवसांत रक्तातलं टी-३ (थायरॉइडचं संप्रेरक) चढतं आणि सिंपथेटिक नसाही (हृदयाची गती वाढवणाऱ्या) हृदयात पसरतात. मग श्रेय कुणाला द्यायचं?

टी-३ चं गणित कळतं. त्याचा रिसेप्टर (त्याला धरणारं प्रथिन) अल्फाच्या जनुकाअलीकडच्या डीएनएवरच बसतो. आईच्या पाण्यात पीटीयू (थायरॉइड दाबणारं औषध) दिलं की पिल्लांत बीटा टिकून राहतं. घोळ आहे नसांचा. नवजात पिल्लांच्या हृदयपेशींवर डिशमध्ये नॉरअ‍ॅड्रेनलिनऐवजी (या नसा सोडतात ते रसायन) त्याच्यासारखं औषध फेनिलएफ्रिन घातलं. 48 तासांनी पेशी चांगल्या फुगलेल्या, आणि पीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) बीटा चक्क वाढलेलं! शरीरात नसा पोचतात तेव्हा उतरतं, डिशमध्ये चढतं. तीनदा केलं, तेच. पेशी वाढवायच्या माध्यमात 10 टक्के सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) आहे. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
चुकलं नाहीये, तुलना गंडलीय. फेनिलएफ्रिन फक्त अल्फा-१ रिसेप्टरला धरतं (हा अल्फा वेगळा, नावं ठेवणाऱ्यांना नमस्कार!) आणि पेशी ताण आल्यासारखी गर्भातली जनुकं पुन्हा चालू करते. नस नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडते ते बीटा रिसेप्टरलाही लागतं, जोडीला न्यूरोपेप्टाइड वाय हे नसांचं आणखी एक रसायन असतं. आणि सीरममध्ये टी-३ असतंच की! कोळशाने टी-३ काढलेलं सीरम घ्या, मग टी-३ मोजून घाला: एकटं, फेनिलएफ्रिनसोबत, आणि दोन्हींशिवाय. जमलं तर सिंपथेटिक न्यूरॉन सोबत वाढवून पाहा.

धागाकर्ती
सीरमचं डोक्यातच आलं नव्हतं! पण थेट पिल्लांना ६-हायड्रॉक्सिडोपामीन देऊन नसाच मारल्या तर?

प्रतिसाद २
नसा मरतील, पण अ‍ॅड्रेनल ग्रंथीतलं अ‍ॅड्रेनलिन रक्तातून पोचत राहील. शिवाय पिल्लं नीट दूध प्यायली नाहीत तर टी-३ही घसरतं, आणि दोष नसांवर येतो. रोज वजन घ्या, टी-३ मोजा. सोबत ट्रोपोनिन आय (स्नायूतलं आणखी एक प्रथिन) बघा: थायरॉइड कमी असलं तरी त्याचा गर्भातला प्रकार जाऊन हृदयाचा येतोच. आणि प्रबंधात माणसावर उडी मारू नका; आपल्या जवनिकांत मोठेपणीही बीटाच जास्त असतं.

धागाकर्ती
शेवटचं वाक्य वाचून प्रस्तावनेतला एक परिच्छेद आत्ताच खोडला. सीरम मागवते, निकाल इथेच टाकेन.