एकाच नावाची दोन माणसं, कुठलं काम कुणाचं हे कसं ओळखायचं?

शाईपेन:
गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका संशोधक बाईंचं व्याख्यान होतं, ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे. मी नाव सर्च केलं, सगळ्यात वर जे प्रोफाइल आलं त्यातून हृदयरोगावरचे पेपर, पुरस्कार सगळं उतरवलं आणि वाचून दाखवलं. बाई उठल्या, माइक जरा खाली ओढला आणि हळूच म्हणाल्या, हे काम फार चांगलं आहे पण माझं नाही, मी भूजलावर काम करते. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही पण मला अजून वाईट वाटतंय, त्यांची इतक्या वर्षांची मेहनत बाजूलाच राहिली ना. पुढच्या महिन्यात अजून तीन पाहुणे आहेत. खात्री कशी करायची?

कपाट_क्रमांक_७:
लायब्ररीत हे रोजचंच. नावं सारखी आली की आम्ही पुढे जन्मसाल लावतो. विन्स्टन चर्चिल दोन होते, माहितीये का? एक अमेरिकन कादंबरीकार, जन्म १८७१, दुसरे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते, जन्म १८७४, आणि लिहिणारे दोघंही! १८९९ मध्ये जास्त गाजलेला होता तो कादंबरीकार, म्हणून ब्रिटिश चर्चिलनीच त्याला पत्र लिहून कळवलं की मी यापुढे विन्स्टन स्पेन्सर चर्चिल अशी सही करीन. त्यांच्या पुस्तकांवर मधे 'एस' दिसतो तो त्यामुळे. किती समजूतदारपणा! १९५३ चं साहित्याचं नोबेल ब्रिटिश चर्चिलचं, त्या अमेरिकन कादंबऱ्या मात्र त्यांच्या नाहीत.

तळटीप:
पाहुणे संशोधक असतील तर सरळ ऑर्किड आयडी (ORCID, प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागा. २०१२ पासून आहे, फुकट मिळतो, १६ आकडी नंबर (शेवटी कधीकधी एक्स असतो), नाव किंवा नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. पण जुने पेपर सगळे त्यात जोडलेले असतीलच असं नाही, म्हणून सोबतचे लेखक कोण, त्या साली कुठल्या संस्थेत होते हे पण बघा. संस्था आणि साल जुळत नसेल तर थांबायचं. नुसती आद्याक्षरं असली की तर फारच घोळ. मायकल जॉर्डन म्हटलं की सगळ्यांना बास्केटबॉल आठवतो, पण मशीन लर्निंगवाल्यांना अमेरिकेत बर्कली विद्यापीठात प्रोफेसर राहिलेले मायकल आय. जॉर्डन, तो मधला 'आय' पाहिल्याशिवाय मी संदर्भ देतच नाही.

पडद्यामागे:
हॉलिवूडच्या नटांकडे तर युनियनमुळे कधीकधी नावच बदलावं लागतं. मायकल कीटनचं खरं नाव मायकल डग्लस, पण ते नाव आधीच दुसऱ्या नटाचं होतं.

शाईपेन:
खूप आभार सगळ्यांचे. तिघांनाही मेल केला, आयडी मागितला आणि लिहिलेली ओळख त्यांनाच तपासायला पाठवली. एकांचं उत्तर आलंसुद्धा, दुसरा परिच्छेद त्यांचा नव्हताच, काढला.