मदत हवी आहे: पुण्याहून मागवलेल्या मराठी पुस्तकांवर यूकेत व्हॅट + कुरियरची फी, भरू की आधी वाद घालू?

मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. इथे यूकेतले बरेच जण आहेत, कोणीतरी यातून गेलं असणार म्हणून विचारतेय.

आम्ही काही पालक मिळून रेडिंगजवळ दर शनिवारी मुलांची मराठी शाळा चालवतो, हॉल भाड्याने घेऊन. शिकवणारे सगळे पालकच. यंदा वर्गणी काढून अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून पुस्तकं मागवली: अंकलिपी, छोट्यांसाठी चित्रांची गोष्टीची पुस्तकं, जरा मोठ्या मुलांसाठी बालसाहित्य, शिकवणाऱ्यांसाठी व्याकरणाची दोन-तीन, आणि पालकांनी आपापल्या आवडीचे दिवाळी अंक सांगितले होते ते. सोबत दुरेघी वह्या कारण इथे त्या मिळतच नाहीत, आणि चार कालनिर्णय. सगळं मिळून माल १८,६०० रुपयांचा आणि कुरियरचे ९,२०० वेगळे. दुकानदार काकांनी फार आपुलकीने केलं सगळं, एकेक पुस्तक प्लास्टिकमध्ये घालून दिलंय, त्यांच्याबद्दल अजिबात तक्रार नाही. कुरियर त्यांच्या नेहमीच्या एजंटकडून केलं, तो म्हणाला डोअर टू डोअर आहे, तिकडे काही भरावं लागत नाही.

आता पार्सल इथे येऊन अडकलंय आणि कुरियर कंपनीचा मेसेज आला की ६३ पाउंड ८० पेन्स भरा मग डिलिव्हरी देऊ. आधी मला वाटलं फ्रॉड आहे, तसले मेसेज इतके येतात, म्हणून लिंकवर क्लिक न करता कंपनीच्या साइटवर जाऊन ट्रॅकिंग नंबर स्वतः टाकला तर खरंच निघालं. हिशोब असा आहे: मालाची किंमत १५७ पाउंड, त्यात कुरियरचं भाडं ७८ धरून २३५, त्यावर २० टक्के व्हॅट ४७ पाउंड, मग कंपनीची डिस्बर्समेंट फी १४ पाउंड आणि त्या फीवर परत व्हॅट २.८०. कस्टम्स ड्युटीच्या रकान्यात शून्य आहे.

मला इतकं माहीत होतं की यूकेत पुस्तकांवर व्हॅट नाही. मग ४७ पाउंड कसले? कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणतात आम्ही कस्टम्स डिक्लरेशनप्रमाणे, म्हणजे मालाबद्दल जे लिहून दिलंय त्याप्रमाणे लावतो. मग त्यांच्याकडून त्या डिक्लरेशनची कॉपी मागवली, पीडीएफ आली, आणि ती बघून डोक्याला हात लावला. अख्ख्या खोक्यासाठी एकच ओळ आहे, ‘पेपर गिफ्ट आर्टिकल्स’, नग १, किंमत १५७ पाउंड, आणि खाली गिफ्टच्या चौकोनात टिक. पुस्तक हा शब्द कुठेच नाही!! दुकानदार काकांना विचारलं तर त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं नाव, प्रती, किंमत असं नीट तीन पानी बिल दिलं होतं, पण एजंटने ते खोक्याच्या आत टाकून वरून टेप मारली आणि बाहेरच्या पाऊचमध्ये स्वतःचा हा एका ओळीचा कागद ठेवला. एजंटला फोन केला तर तो म्हणतो गिफ्ट लिहिलं की लवकर सुटतं मॅडम, आम्ही सगळ्यांचं असंच करतो, आमचं काम इंडियापर्यंत, पुढचं तिकडचं कस्टम्स बघेल.

वाईट याचं वाटतं की हे माझ्या एकटीचे पैसे नाहीत. कोणी दहा पाउंड दिलेत, कोणी वीस, आणि आता त्यांनाच परत मागायचे म्हणजे अवघड वाटतं. तेवढ्यात मुलांसाठी अजून पुस्तकं आली असती. आणि भरले नाहीत तर कंपनी म्हणते ठराविक दिवसांनी पार्सल परत जाईल, तो खर्च बिचाऱ्या दुकानदार काकांच्या माथी बसणार, ते मला मुळीच नकोय.

तर प्रश्न असे की, आधी भरून मग परतावा मागायचा की भरण्याआधीच दुरुस्त करून घेता येतं? दुरुस्त करायचं तर कोणाला लिहायचं, कस्टम्सला की कुरियरला, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. वह्या आणि कालनिर्णयमुळे सगळ्यावर व्हॅट लागला असेल का? आणि ती १४ पाउंडची फी, जिच्याबद्दल आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही, ती द्यावीच लागते का? पुढच्या वर्षी परत मागवायचंय, तेव्हा कसं मागवावं तेही सांगा. जाणकारांनी प्लीज लवकर लिहा, आधीच धन्यवाद.

प्रतिसाद, स्लाऊकर

ताई, अजून पैसे भरू नका, आधी कुरियरच्या क्लिअरन्स विभागाला, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्यांना, ईमेल करा. कस्टमर केअरला नाही, त्यांच्या हातात काही नसतं. खाजगी कुरियरने आलेल्या पार्सलचं डिक्लरेशन तुमच्या वतीने कुरियर कंपनीच भरते, म्हणजे दुरुस्ती पण त्यांनीच करायची असते, कस्टम्सला फोन केलात तरी ते तुम्हाला परत तिकडेच पाठवणार.

ईमेलमध्ये दुकानदाराचं तीन पानी बिल स्कॅन करून जोडा, त्यांच्याकडे कॉपी असेलच. प्रत्येक गटापुढे एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाच्या प्रकाराचा नंबर, लिहा: छापील पुस्तकं आणि अंकलिपी ४९०१, दिवाळी अंक म्हणजे नियतकालिकं ४९०२, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं ४९०३, कॅलेंडर ४९१०, वह्या ४८२०. पहिल्या तीन गटांवर इथे व्हॅटचा दर शून्य आहे, मासिकंसुद्धा त्यात येतात, त्यामुळे दिवाळी अंकांची चिंता नको. वह्या आणि कॅलेंडरवर मात्र २० टक्के लागतो, तो बरोबर आहे, तिथे वाद घालू नका. पण त्या दोन गोष्टींमुळे सगळ्या खोक्यावर लागत नाही, वेगळ्या ओळी दाखवल्या की तेवढ्यावरच लागतो. तुमच्या वह्या आणि कालनिर्णय मिळून किती रुपयांचं आहे? १,४०० वगैरे असेल तर १२ पाउंड, त्यात भाड्याचा हिस्सा ६ पाउंड धरा, १८ वर २० टक्के म्हणजे साडेतीन-पावणेचार पाउंड. ४७ कुठे आणि हे कुठे.

परत जायची मुदत आहे म्हणालात ना, तर ईमेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा की चौकशी चालू असेपर्यंत पार्सल होल्डवर ठेवा. हे लेखी मागा.

प्रतिसाद, निशिगंधा

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त एक गोष्ट आवर्जून सांगते, त्या गिफ्टच्या टिकमार्कचा आधार घेऊन सूट मागायला जाऊ नका. गिफ्ट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेलं, वाढदिवस वगैरे निमित्ताने, आणि तेही ३९ पाउंडपर्यंतच व्हॅटमाफ. पैसे देऊन दुकानातून मागवलेला माल गिफ्ट होत नाही, मग तो शाळेसाठी असो की देवळासाठी. उलट तुम्हीच ईमेलमध्ये स्वच्छ लिहा की ही खरेदी आहे, पाठवणाऱ्याच्या एजंटने चुकीचं लिहिलंय, खरं बिल हे घ्या. खरं लिहिलं तर तुमचाच फायदा आहे कारण पुस्तकांना मुळातच शून्य आहे.

हे एजंट लोक सगळीकडे हेच करतात आणि मला याची खरंच चीड येते. त्यांना वाटतं गिफ्ट लिहून आपण गिऱ्हाइकाचं भलं करतोय. एक जानेवारी २०२१ पासून इथले नियम पार बदलले, पूर्वी १५ पाउंडपर्यंतच्या मालावर व्हॅट नव्हता तो प्रकारच बंद झाला. आता १३५ पाउंडपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि त्याच्या वर गेलं की इथे आल्यावर घेणाऱ्याने भरायचा, तुमचं १५७ आहे म्हणून तुमच्याकडे आलं. हे पुण्यातल्या छोट्या एजंटला कोण सांगणार, तो जुन्या सवयीनेच चाललाय.

प्रतिसाद, मिल्टन कीन्सहून

माझ्या बाबतीत कुरियरने दुरुस्ती करायला साफ नकार दिला होता, तेव्हा मी पैसे भरून पार्सल सोडवलं आणि मग परतावा मागितला. खाजगी कुरियरने आलं असेल तर एचएमआरसीचा (इथल्या कर खात्याचा) सी २८५ फॉर्म, रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने, म्हणजे पोस्टाने, आलं असेल तर बीओआर २८६, हे दोन वेगळे आहेत, गल्लत करू नका. भरल्याची पावती, डिक्लरेशनची कॉपी, खरं बिल आणि खोकं उघडताना काढलेले फोटो, वरचं लेबल फाडून टाकू नका. मला वेळ लागला पण व्हॅट परत आला.

फीचं मात्र वेगळं आहे. व्हॅट सरकारचा, फी कंपनीची, ती कंपनीने तुमच्या वतीने पैसे आगाऊ भरल्याबद्दल लावलेली असते. एचएमआरसी त्यात पडत नाही, मला फी मिळाली नाही. पण तुमच्याकडे अजून एक धागा आहे, एजंटने तिकडे काही भरावं लागत नाही असं सांगितलंय. व्हॉट्सॅपवर लिहून दिलं असेल तर दुकानदारामार्फत त्याच्याकडून वसूल करा, तोंडी असेल तर अवघड आहे. पुढच्या वेळी एजंटला विचारा, डीडीपी आहे का? म्हणजे तिकडचे सगळे कर आणि फी पाठवणाराच भरतो. नुसतं डोअर टू डोअर म्हणजे दारापर्यंत आणून देणार एवढंच, कर कोण भरणार हे त्यात येत नाही.

आणि पुढच्या वर्षासाठी, घाई नसेल तर भारतीय पोस्टाने मागवा की. पोस्टात छापील मजकुरासाठी एम बॅग म्हणून सोय असायची, फक्त पुस्तकं असली की एका पिशवीत बरंच वजन जायचं, हल्ली चालू आहे का ते आधी पोस्टात विचारून घ्या. वह्या त्यात घालू नका, त्या वेगळ्या. सीएन २३ या पोस्टातल्या कस्टम्सच्या फॉर्मवर पुस्तकांच्या ओळी नीट भरायच्या, कोडसकट, आणि एक प्रत खोक्याच्या बाहेर. पोस्टाने आलेल्यावर काही कर लागलाच तर रॉयल मेल स्वतःची ८ पाउंड हँडलिंग फी घेतं, पण शून्य व्हॅटची पुस्तकं नीट लिहून आली तर तीही लागायचं कारण नाही.

प्रतिसाद, डसेलडॉर्फ

यूकेचं वाचून इकडच्यांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून लिहितोय. जर्मनीत पुस्तकांवर शून्य नाही, ७ टक्के आहे. आणि एक जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनमध्ये २२ युरोची जुनी सूट गेलीये, त्यामुळे छोट्या पार्सललाही कर लागतो. इथेही तीच कथा, ‘पेपर आर्टिकल्स’ लिहिलं की १९ टक्के लावतात. त्यामुळे देश कुठलाही असो, लेबलवर पुस्तक हा शब्द हवाच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या लवकर इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. स्लाऊकर, तुम्ही म्हणालात तसं क्लिअरन्सला ईमेल केलं, दुकानदार काकांनी बिलाची कॉपी लगेच पाठवली, वह्या आणि कालनिर्णय मिळून १,४०० च्या आसपासच निघाले, तुमचा अंदाज बरोबर होता. निशिगंधा ताई, ही खरेदी आहे असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. त्यांचं उत्तर आलंय की पार्सल होल्डवर ठेवलं आहे आणि सुधारित बिल पाठवू, व्हॅट कमी होईल पण फी तशीच राहील. फी भरून टाकू, आणि एजंटचा व्हॉट्सॅप मेसेज काकांच्या फोनवर आहे, ते स्वतःच म्हणाले मी बोलतो त्याच्याशी. फीचे पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, पण पुढच्या माणसाच्या खोक्यावर त्याने पुस्तकं म्हणून लिहावं एवढंच काकांना सांगितलंय.

आता एम बॅगबद्दल विचारायचं होतं. पुण्यात ती नक्की कुठल्या पोस्टात घेतात, आणि दुकानदाराला स्वतः जावं लागतं की घरचं कोणी नेऊन दिलं तर चालतं? काका सत्तरीचे आहेत, त्यांना हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, माझा भाचा कोथरूडला असतो तो नेऊन देईल. हल्लीच कोणी पाठवली असेल तर कृपया लिहा.