स्की बूट : तुमच्या पायाला कोणता बसला? अनुभव लिहा

डोंगरवेडी

डिसेंबर तोंडावर आला की आमच्या ट्रेकवाल्या मंडळींत गुलमर्ग, औली, सोलांगची बोलणी सुरू होतात. जॅकेट कोणतं, गॉगल कोणता यावर तासन्‌तास चर्चा. बुटांचा विषय मात्र "तिकडे भाड्याने मिळतात की" एवढ्यावर संपतो. माझं मत साफ उलटं आहे. स्की भाड्याची, काठ्या भाड्याच्या, जॅकेटसुद्धा उसनं चालेल. बूट पायाला बसला नाही तर पैसे बर्फात. वळण घेताना आपण नडगीने बुटाच्या जिभेवर दाब देतो आणि तो दाब बुटातून स्कीच्या कडेपर्यंत जातो. पाऊल आत हललं की दाब मधल्या मधेच जिरतो, स्की ऐकत नाही, आणि आपण म्हणतो मला जमतच नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी एक इशारा. उतारावर अंगठ्याची नखं काळी पडू नयेत म्हणून आपण ट्रेकचे बूट अर्धा-एक नंबर मोठे घेतो आणि आत जाड मोजे घालतो. स्की बुटाला हा नियम लावलात तर नखं हमखास काळी होणार. बूट मोठा असला की पाऊल पुढे सरकतं आणि प्रत्येक वळणाला बोटं आदळतात.

नेहमीचा ६-७-८ नंबर इथे विसरा. स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये (याला मोंडो म्हणतात). घरी टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन पायावर, आणि सगळ्यात लांब बोटापुढे दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलने खूण करायला सांगायची. स्वतः वाकून खूण केली तर टाच भिंतीपासून सुटते. दोन्ही पाय मोजा, सारखे क्वचितच निघतात.

तुमच्या पायाची ठेवण कशी, बूट कुठे चावला आणि त्यावर काय केलं, ते सविस्तर लिहा. ब्रँडची भलामण नको.

पोटापुरता_प्रवासी

गुलमर्गचा अनुभव. भाड्याच्या दुकानात सकाळी झुंबड असते. दुकानदाराने माझ्या स्पोर्ट्स शूजकडे एक नजर टाकली आणि बूट पुढे केले. "थोडा खुला है साहब, आराम रहेगा." आराम होता, तासभर. मग टाच आत उचलायला लागली. ती उचलू नये म्हणून मी बकलं आवळत गेलो, त्याने पावलाची वरची बाजू दुखायला लागली आणि बोटांना मुंग्या. टाच तरी उचलतच होती.

संध्याकाळी गर्दी नसताना परत गेलो आणि लायनर उपसून बघू द्या म्हणालो. आतला मऊ बूट तो लायनर, बाहेरचं कडक प्लास्टिक ते शेल. रिकाम्या शेलमध्ये पाऊल घालून बोटं पुढे अलगद टेकवली तर टाचेमागे माझी तीन बोटं आरामात जात होती. माझ्या प्रशिक्षकाने सांगितलं की तिथे दीड ते दोन सेंटिमीटर जागा असावी, शर्यतवाले तर त्याहून कमी ठेवतात. मग एक पूर्ण माप लहान दिला. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर तीच स्की शहाण्यासारखी वळायला लागली.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. बूट आदल्या संध्याकाळीच घ्या, खोलीवर अर्धा तास घालून बसा. आणि दोन्ही बुटांचं माप तपासा. टाचेच्या बाजूला शेलवर सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ३०६ वगैरे. दोन्हीकडे तोच आकडा हवा. स्कीचं बाइंडिंगही (बूट स्कीला अडकवणारा खटका) त्याच आकड्यावर लावतात, त्यामुळे बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा लावून घ्यायचं. हे कुणी आपणहून करेल या भरवशावर राहू नका.

शंकासूर

बाळबोध शंका. बोटं पुढे टेकत असतील तर बूट लहानच झाला ना?

डोंगरवेडी

@शंकासूर, बाळबोध कसली, दुकानात सगळे तिथेच फसतात. ताठ उभं राहिलं की बोटं टेकतातच, टेकायलाच हवीत. आता टाच जमिनीवर दोनदा आपटा, बकलं लावा आणि गुडघे पुढे वाकवून नडगी जिभेवर रेला. टाच मागच्या खोबणीत बसते आणि बोटं सुटतात. तरीही बोटं दुमडलेली राहिली तर मात्र लहान. स्की करताना आपण ताठ उभे नसतोच.

म्युनिककर

इथे आल्प्स दीड-दोन तासांवर, त्यामुळे ऑफिसात सगळे स्कीवाले. सहकाऱ्यांनी एकच सांगितलं, ऑनलाइन घेऊ नकोस, बूट-फिटरकडे जा.

माझा पाय चपलेत वाढलेला. चवडा रुंद, टाच अरुंद आणि करंगळीच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. लांबी २६.४, चवडा १०३ मिलिमीटर. बुटाच्या रुंदीला लास्ट म्हणतात. ९८ म्हणजे अरुंद, १०० मधला, १०२ च्या पुढे रुंद. हा आकडा २६.५ मापाच्या बुटाचा असतो, मोठ्या मापात रुंदीही वाढते. मला वाटलं सरळ १०३-१०४ वाला घ्यावा. फिटर नको म्हणाला. रुंद बुटात टाचही रुंद येते आणि तुझी टाच त्यात पोहेल. टाच जिथे घट्ट बसते तो बूट घे, चवड्याला जागा मी करतो.

ते कसं केलं ते बघण्यासारखं होतं. करंगळीजवळच्या त्या हाडावर त्याने चक्क लिपस्टिक लावली आणि लायनर न घालता पाऊल शेलमध्ये घालायला लावलं. आत लाल ठिपका उमटला. तेवढाच भाग तापवला, आतून गोल ठोकळा लावून स्क्रूने दाब दिला आणि तसाच थंड होऊ दिला. प्लास्टिक काही मिलिमीटर बाहेर आलं, बस्स. बाहेरून बघितलं तर एक छोटासा फुगवटा दिसतो. नंतर लायनर गरम करून पायावर बसवला, बोटांवर फोमची टोपी घालून, म्हणजे बोटांपुढे थोडी जागा राहते.

बूट मोठा करता येतो, लहान करता येत नाही, हे फिटरचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवतो. आणखी एक कळलं, २६ आणि २६.५ यांचं शेल बहुतेक कंपन्यांत एकच असतं, फरक आतल्या तळपट्टीचा किंवा लायनरचा. अर्ध्या मापावरून रात्रीची झोप घालवू नका. अलीकडे खालच्या बकलांऐवजी फिरवायची चकती (बोआ) असलेले बूटही आलेत. रुंद चवड्यावर दाब सारखा पसरतो असं म्हणतात. मी घालून पाहिले, वाईट नाहीत, पण त्यासाठी जुने टाकावेत असंही काही नाही.

कोकणकडा

+१. लिपस्टिकची युक्ती भारी.

सातासमुद्रापार

बायकांच्या बाजूने लिहिते. माझं दुखणं पावलात नव्हतंच, पोटरीत होतं. माझी पोटरी भरदार आणि खालून सुरू होणारी. बुटाचा वरचा भाग, कफ, नेमका तिथे येऊन रुततो. वरचं बकल लागेना, लागलं की पोटरीत गोळा. शिवाय पोटरीला मागून धक्का बसत असल्यामुळे मी कायम गरजेपेक्षा जास्त पुढे ढकललेली, मांड्या भरून यायच्या. दुकानातला मुलगा म्हणे, व्यायाम कमी पडतो. काय बोलणार!

बायकांच्या बुटांचा कफ याच कारणाने थोडा बुटका आणि वर पसरट असतो. तरी पुरलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी कफच्या मागे लावलेली प्लास्टिकची पट्टी (स्पॉयलर) स्क्रूने काढली आणि बकलाची कडी जिथे अडकते ते दाते एक घर बाहेर सरकवले. दहा मिनिटांचं काम. बहुतेक बुटांत ही सोय आधीपासून असते, फक्त कुणी सांगत नाही.

आणि मैत्रिणींनो, थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही. आत फक्त एक मोजा, गुडघ्याखालपर्यंतचा, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, एकही सुरकुती नको. थर्मलची कड नडगीवर आली की दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठतो.

टोरांटोचा_गारठा

आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली नित्याचाच, म्हणून पाय गारठण्याबद्दल लिहितो. देशातून आलेला प्रत्येक पाहुणा दोन मोजे घालतो. दोन मोज्यांनी बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. पावलाच्या वरचं बकल फार आवळलं तरी तेच होतं. उतारावर वर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसल्यावर मी ते बकल सोडतो, वर पोचलो की लावतो.

बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका. थंडीत प्लास्टिक कडक होतं, सकाळी पाय आत जात नाही, गेला तर संध्याकाळी निघत नाही. पार्किंगमध्ये दोघांनी मिळून तिसऱ्याच्या पायातला बूट ओढतानाचं दृश्य इथे सर्रास दिसतं. लायनर रोज बाहेर काढून वाळवा, पण हीटरला चिकटवून नको.

कोकणकडा

फ्लेक्सचं कुणीच लिहिलं नाही. बुटावर ८०, १००, १२० असा आकडा असतो, जितका मोठा तितका बूट पुढे वाकायला कडक. विक्रेता वजन-उंची विचारतो आणि आकडा सांगतो. नवशिक्याने १०० च्या वर जाऊ नये असं मला वाटतं.

म्युनिककर

@कोकणकडा, अर्धा सहमत. हा आकडा कुठल्याही प्रमाणात बांधलेला नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ११० इतका कडक असू शकतो. दुकानाच्या उबेत मऊ वाटलेला बूट बर्फात कडक होतो तो भाग वेगळाच. नव्वद किलोच्या नवशिक्याला ७० चा बूट दिला तर तो पुढे रेलताच बूट कोसळेल. आकड्यापेक्षा गुडघा किती पुढे जातो ते बघावं.

कोकणकडा

वजनाचा मुद्दा मान्य. पण हलक्या माणसाला कडक बूट गळ्यात मारतात त्याचं काय? तो वाकूच शकत नाही, मागे बसतो आणि आपटतो. मी माझ्या मतावर ठाम.

सांधेदुरुस्ती

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून एक भर. अनवाणी, टाचा टेकवून उकिडवं बसून बघा. आरामात बसता येत असेल तर घोटा चांगला वाकतो आणि बुटाचा पुढे झुकलेला कोन त्रास देणार नाही. टाचा उचलल्या जात असतील किंवा मागे पडायला होत असेल तर घोटा आखडलेला असण्याची शक्यता आहे. अशा पायाची टाच बुटात खोबणीतून वर येत राहते आणि लोक बूट सैल आहे म्हणून आणखी लहान घेतात. तिथे टाचेखाली काही मिलिमीटरची पाचर घालून फरक पडतो.

तळवा सपाट असेल तर वजन पडताच कमान बसते, पाऊल लांब आणि रुंद होतं. म्हणून आधी कमानीला आधार देणारी तळपट्टी, मग बुटाचं माप. उलट क्रमाने केलं तर सगळं गणित चुकतं. आणि मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी "दुखत नाही म्हणजे बसला" असं धरू नये. दर तासाला मोजा काढून त्वचा बघावी, जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

दुबईची_आई

मुलांबद्दल. आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत, पण स्की बुटाला ती लावू नका. स्की दुबईत (इथल्या मॉलमधला बर्फाचा उतार) बूट तिकिटातच येतात, तिथे मी दर वेळी लेकाचे बूट बदलून आणते. मुलं "टोचतंय" एवढंच सांगतात, कुठे ते सांगत नाहीत. माझा उपाय म्हणजे बूट घातल्यावर त्याला उड्या मारायला लावते आणि मागून टाचेकडे बघते. युरोपला जाणारे हंगामभरासाठी भाड्याने घेतात, पुढच्या वर्षी पुढचं माप. विकत घेण्यात अर्थ नाही.

वाटवाकडी

गुलमर्गच्या अफरवाट शिखराच्या वरच्या बाजूने गोंडोलापासून (रोपवेपासून) लांब जायचं असेल, चढून जायचं असेल, तर टूरिंगचे बूट वेगळे. हलके, मागच्या बाजूला चालण्यासाठीची कळ असते, ती सोडली की घोटा मोकळा. सोलही वेगळा असतो, तो प्रत्येक बाइंडिंगमध्ये बसत नाही. ग्रिपवॉक (चालायला सोपा रबरी) सोलचंही तेच. आधी विचारा.

शंकासूर

ठाण्यात एकाकडे जुने स्की बूट विकायला आहेत, माप माझंच, परदेशातून आणून कपाटात ठेवलेले. किंमत मोहात पाडणारी. घ्यावेत का?

टोरांटोचा_गारठा

@शंकासूर, जरा थांबा. शेल बहुतेक पॉलियुरेथेनचं असतं आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षं आतून कमजोर होत जातं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस बकल आवळताना तडकतं. कोरड्या थंडीतसुद्धा फार जुन्या बुटांचं हे होतं, ठाण्याच्या पावसाळ्यांत तर विचारूच नका. बूट कोणत्या सालचे ते विचारा. लायनर काढून शेलचे आतून फोटो मागवा. घोट्याजवळच्या रिव्हेटभोवती आणि बकलांच्या मुळाशी बारीक रेघा दिसल्या तर फुकट मिळाले तरी नको.

ज्यांचे स्वतःचे आहेत त्यांनी माळ्यावर टाकू नयेत. लायनर पूर्ण वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला, बकलं हलकी लावून ठेवा म्हणजे शेलचा आकार बिघडत नाही. नेहमीच्या वापरात आधी लायनर दबून सैल पडतो. तो वेगळा विकत मिळतो, शेल धडधाकट असेल तर तेवढाच बदला.

शंकासूर

विचारलं. साल त्यांनाही माहीत नाही, आणि फोटो पाठवतो म्हणून गेले ते गेलेच.