मदत हवी आहे: जाऊ काजूच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्रास देणारा मालकच आहे

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. माझी धाकटी जाऊ गावाजवळच्या छोट्या काजू कारखान्यात गर सोलायला आणि निवडायला जाते. तिच्यासकट सात बायका आहेत. हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही, किलोमागे पैसे मिळतात.

गेले चार महिने शेठ काट्यावर वजन करताना मुद्दाम अंगाला अंग लावतो. "आज कोणासाठी नटलंस गो?" हे तर रोजचंच. बाहेरचे व्यापारी आले की "बघा आमचा माल" म्हणतो, आणि तेव्हा त्याचा हात काजूच्या डब्याकडे नसतो, खाली बसलेल्या बायकांकडे असतो. व्यापारी हसतात. जाऊ म्हणाली, त्या हसण्याने मला जास्त मेल्यासारखं होतं. मागच्या आठवड्यात खाली वाकलेली असताना त्याने मोबाईलवर तिचा फोटो काढला. तिने विचारल्यावर त्या दिवशीचं वजन दीड किलो कमी लावलं.

दिरांना सांगायला ती तयार नाही. "घरात समाजला तर माझा कामच बंद जातला," म्हणते. गणपतीसाठी घेतलेली पाच हजारांची उचलही अजून फिटायची आहे. गुन्हा त्याचा आणि घरी बसायचं हिने, हे मला पटत नाही.

ऑफिसांत समिती असते असं ऐकलंय. इथे मालकच सर्वेसर्वा आहे, मग तक्रार कोणाकडे करायची? कागदावर नोकरीच नाही, तर कायदा तिला मोजतो का? आणि गावभर होईल का?

प्रतिसाद

ताई, कायदा तिला मोजतो. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रोजंदारीवरच्या, हंगामी, तोंडी बोलीवर लागलेल्या बायकाही येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. तक्रार घ्यायला तालुक्यालाही नोडल अधिकारी नेमायचा असतो.

शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. नाव बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे, पण अर्जाची प्रत शेठला मिळणारच. तिला हे आधी सांगा, नंतर कळलं तर ती खचेल. चौकशी चालू असताना ती रजा मागू शकते. गावातले कोणी पैसे देऊन मिटवायला आले तर ऐकू नका: तिची स्वतःची इच्छा असेल तरच समेट होतो, आणि तोही पैशांवर करता येत नाही.

पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाबद्दलचं कलम 75 आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. मुख्य म्हणजे तारखा लिहून काढा.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल रात्री भांडी घासताना तिला सगळं सांगितलं. प्रत शेठला जाणार म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग वजनाच्या चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आली. सगळ्या जपून ठेवल्यात, तारखेसकट. सोबतची आणखी एक बाई बोलायला तयार आहे म्हणाली. सोमवारी आम्ही तिघी पहिल्या एसटीने ओरोसला जातोय. अर्जासोबत चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडायच्या की मूळ चिठ्ठ्याच न्यायच्या? कोणी स्वतः अर्ज दिला असेल तर कृपया सांगा.