घरात एक एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणजे दुसराही होणारच?

काका, तुम्ही वर लिहिलंय ना की नवरा पॉझिटिव्ह निघाला म्हणजे बायकोला आज ना उद्या होणारच, ते आता जुनं झालं हो. २०११ ला एचपीटीएन ०५२ नावाच्या एचआयव्हीवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, पुण्या-चेन्नईची जोडपीसुद्धा होती त्यात, गोळ्या लवकर सुरू केल्या तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी, आणि आता तर रोज गोळी घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून लागण होतच नाही असं डॉक्टर लोक सरळ सांगतात. गोळ्या सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट, २००४ पासून.

आमच्या इंदूरला खरी भानगड रांगेची आहे. मराठी माणसं इथे एकमेकांच्या ओळखीची, आमच्या रामबाग वस्तीतला कोणी सेंटरच्या रांगेत दिसला की संध्याकाळपर्यंत राजवाड्याला बातमी, म्हणून ओळखीतले एक जण बिचारे गोळ्यांसाठी उज्जैनला जायचे, बस भाडं खर्चून.

हां, आणि कोणाला वापरलेली सुई टोचली तर ‘उद्या बघू’ नका करू, ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे लागण टाळायच्या गोळ्या, सुरू व्हायला पाहिजे, जितकं लवकर तितकं बरं, मग २८ दिवस पूर्ण. काही विचारायचं असेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन लावा, फुकट आहे, नावसुद्धा सांगावं लागत नाही.